हाताबाहेर गेलेला क्लास कसा फोडावा: सोसायटीच्या बिलाचं उदाहरण

गृहनिर्माण सोसायटीचं देखभाल बिल काढणारं सॉफ्टवेअर अनेकदा एकाच क्लासपासून (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारा कोडचा भाग) सुरू होतं. त्याचं नाव असतं ‘बिलमॅनेजर’. सुरुवातीला काम साधं असतं: सेवाशुल्क सगळ्या सदनिकांवर सारखं वाटायचं, बेरीज करायची, पीडीएफ काढायची. मग घर भाड्याने देणाऱ्यांचं बिनभोगवटा शुल्क येतं. थकबाकीवरचं व्याज येतं, नळांच्या संख्येनुसार पाणीशुल्क येतं, पार्किंग येतं, जीएसटी येतो, ईमेल येतं. प्रत्येक वेळी कोणीतरी घाईत एक मेथड (एखादं काम करणारा कोडचा तुकडा) आणि दोन फील्ड (माहिती साठवायच्या जागा) वाढवतं. काही वर्षांनी तीन हजार ओळींची फाइल समोर असते आणि व्याजाच्या दरात बदल केला की पावतीची छपाई बिघडते.

असा क्लास उघडला की नजर आधी लांबलचक मेथडवर जाते. तिचे तुकडे केले की काम झालं असं वाटतं. माझं मत वेगळं आहे. खरं दुखणं फील्डमध्ये असतं. साठ मेथड चाळीस फील्ड मनाला येईल तेव्हा वाचतात आणि बदलतात, म्हणून तो क्लास कोणाला समजत नाही. फील्डची ही गुंतागुंत आधी सोडवली तर मेथड जवळपास आपोआप वेगळ्या होतात. ती तशीच ठेवून मेथड हलवल्या तर एका गोंधळाच्या चार फाइली होतात. पुढची सगळी पद्धत याच क्रमाने मांडली आहे. उदाहरणं जावातली आहेत, पण सी-शार्प, पीएचपी किंवा पायथनमध्येही क्रम हाच राहील.

आधी ठरवा: हात लावायचा का?

प्रत्येक मोठा क्लास फोडायचा नसतो. गिटचा, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा, इतिहास काढा आणि ही फाइल गेल्या वर्षभरात किती कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांमध्ये) आली ते बघा. फाइल दोन हजार ओळींची असली, पण तीन वर्षं तिला कोणी हात लावलेला नसेल आणि ती नीट चालत असेल, तर तिला सोडून द्या. वेळ तिथे घालवा जिथे दर महिन्याला बदल होतो आणि जवळपास प्रत्येक बदलानंतर तक्रार येते.

मोजमापांचा उपयोग मर्यादित आहे, पण आहे. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली. ढोबळमानाने, मेथडमधले निर्णयाचे फाटे मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. हा आकडा १० च्या आत ठेवावा, असं त्यांनी सुचवलं होतं. श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी १९९४ मध्ये खास ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे क्लासवर उभ्या असलेल्या, कोडसाठी सहा मापं दिली. त्यातलं एक माप क्लासमधल्या मेथड किती समान फील्ड वापरतात यावरून त्याची एकजूट जोखतं. आपल्या कामासाठी सगळ्यांत बोलकं माप तेच. ही मापं कुठे बघायचं ते दाखवतात. कुठे कापायचं ते मात्र तुम्हालाच शोधावं लागतं.

आजचं वागणं टेस्टमध्ये पकडा

रिफॅक्टरिंग म्हणजे बाहेरून दिसणारं वागणं तेच ठेवून आतली रचना बदलणं. आजचं वागणं नेमकं काय आहे हे नोंदवून ठेवलं नसेल, तर ते बदललं की नाही हे कळणार कसं? म्हणून पहिली ओळ हलवण्याआधी टेस्ट.

इथे प्रत्येक मेथडची सुबक युनिट टेस्ट लिहीत बसू नका. त्या मेथड पुढे राहणारच नाहीत. त्याऐवजी वेगवेगळ्या प्रकारच्या तीन-चार सोसायट्यांचा वर्षभराचा डेटा घ्या. सदस्यांची नावं, फोन, ईमेल बदलून टाका. खरी माहिती टेस्टच्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये. मग आजच्या कोडने सगळी बिलं काढा आणि प्रत्येक बिलातली प्रत्येक बाब साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवा: सदनिका, महिना, शुल्काचं नाव, रक्कम. प्रत्येक बदलानंतर तीच बिलं पुन्हा काढायची आणि फाइली ओळीने ओळ ताडून बघायच्या. मायकेल फेदर्स यांनी अशा टेस्टना ‘कॅरॅक्टरायझेशन टेस्ट’ हे नाव दिलं. कोडने काय करायला हवं ते त्या सांगत नाहीत, तो आज काय करतो ते सांगतात.

यात चुकीची बिलंही सापडतील. एखाद्या सदनिकेला दोनदा पार्किंग लागलेलं दिसेल. ते तसंच नोंदवा आणि दुरुस्तीच्या वेगळ्या यादीत लिहून ठेवा. आत्ता दुरुस्त केलं तर पुढचा फरक रचनेमुळे आला की दुरुस्तीमुळे, हे सांगता येणार नाही.

अशी टेस्ट लिहिताना दोन अडथळे हमखास येतात. पहिला आजच्या तारखेचा. कोड आत कुठेतरी संगणकाला आजची तारीख विचारतो, त्यामुळे व्याज रोज वेगळं येतं. तारीख बाहेरून द्या. जावा ८ पासून यासाठी ‘क्लॉक’ नावाचा क्लास भाषेतच आहे आणि टेस्टमध्ये तो एका ठरावीक क्षणावर थांबवून ठेवता येतो. दुसरा अडथळा डेटाबेसचा. सुरुवातीला मेमरीत चालणारा डेटाबेस वापरला तरी चालेल, नंतर त्याची गरज उरणार नाही.

पैशाची रक्कम ‘डबल’मध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवलेली असेल तर ती लगेच ‘बिगडेसिमल’मध्ये (ते अचूक साठवणारा प्रकार) बदलायचा मोह होईल. बदल योग्यच आहे, पण त्याने पैशांचे आकडे हलतात. तोही दुरुस्तीच्या यादीत टाका.

फील्ड आणि मेथडचा तक्ता

एक स्प्रेडशीट उघडा. आडव्या ओळींत मेथड, उभ्या स्तंभांत फील्ड. मेथड फील्ड नुसतं वाचत असेल तर ‘वा’, त्यात लिहीत असेल तर ‘लि’. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळू नये. मोठ्या क्लासला अर्धा दिवस लागू शकतो, पण पुढचे सगळे निर्णय या तक्त्यावरून होतात.

आता ओळी आणि स्तंभ असे सरकवा की खुणा एकमेकींजवळ येतील. गट दिसू लागतात. व्याजदर, देयदिनांक आणि थकबाकी यांना हात लावणाऱ्या मेथड एकीकडे. नळांची संख्या आणि महापालिकेचं पाणीदेयक दुसरीकडे. ईमेलचा सर्व्हर आणि मजकुराचा नमुना आणखी कुठेतरी, बाकी कोणाशीही संबंध न ठेवता.

मग प्रत्येक गटासमोर लिहा: यात बदल करायला कोण सांगतं? व्याजदर सर्वसाधारण सभा ठरवते. कराचा नियम सरकारकडून येतो. बिलाचा नमुना सचिवांना हवा तसा बदलतो, आणि थकबाकीची यादी कशी असावी हे लेखापरीक्षक सांगतात. फील्डचा गट आणि बदल सांगणारा माणूस हे दोन्ही जुळले, तर तिथे सीमा पक्की आहे असं समजा. ते जुळत नसतील तर घाई करू नका. तो गट शेवटी घ्या.

तक्त्यात एक-दोन स्तंभ असे निघतील की ज्यांत जवळपास प्रत्येक ओळीत खूण आहे. ‘चालूसदनिका’, ‘चालूएकूण’ अशी त्यांची नावं असतात. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायचा आहे.

सगळ्यांचं सामायिक फील्ड

‘बिलकाढा’ ही मेथड ‘चालूएकूण’ शून्य करते. मग ‘सेवाशुल्कलावा’ त्यात भर घालते, ‘व्याजलावा’ भर घालते, शेवटी ‘जीएसटीलावा’ त्यातून आकडा वाचून कर मोजते. एकाही मेथडला आर्ग्युमेंट (बाहेरून दिलेली माहिती) नाही, एकही काही परत देत नाही. वाचताना कोड स्वच्छ दिसतो, पण मेथडचा क्रम बदलला की बिल चुकतं आणि क्रम महत्त्वाचा आहे हे कुठेही लिहिलेलं नाही.

आता ‘व्याजलावा’ नव्या क्लासमध्ये नेऊ बघा. तिला ‘चालूएकूण’ लागतं, म्हणून नव्या क्लासला संपूर्ण ‘बिलमॅनेजर’ हातात देण्याचा सोपा मार्ग दिसतो. तो घेऊ नका. नवा क्लास जुन्याच्या पोटात हात घालत राहिला तर फाइली दोन झाल्या तरी क्लास एकच राहतो.

योग्य क्रम असा. आधी मेथडला निकाल परत द्यायला लावा. फील्डमध्ये भर घालण्याचं काम ती मेथड बोलावणाऱ्या कोडकडे जाऊ द्या. टेस्ट चालवा, कमिट करा. मग ती जी फील्ड वाचते ती एकेक करून आर्ग्युमेंट म्हणून द्या. प्रत्येक आर्ग्युमेंटनंतर पुन्हा टेस्ट. पूर्वी जिथे नुसतं

व्याजलावा();

होतं, तिथे आता असं दिसेल:

व्याज = व्याजकाढा(थकबाकी, देयदिनांक, बिलदिनांक, व्याजदर);
चालूएकूण = चालूएकूण + व्याज;

काही सुटलं का हे तपासायची एक खात्रीची युक्ती आहे: ती मेथड तात्पुरती ‘स्टॅटिक’ करा, म्हणजे क्लासच्या साध्या फील्ड तिला थेट दिसणार नाहीत. ती अजून एखाद्या स्टॅटिक नसलेल्या फील्डवर अवलंबून असेल तर कंपायलर (कोड तपासून तो चालवण्याजोगा करणारं साधन) नेमक्या त्या ओळीवर अडेल. चार जणांनी कोड वाचून जे सुटू शकतं ते कंपायलरकडून सुटत नाही. स्टॅटिक होऊन ती कंपाइल झाली की तिला या क्लासमध्ये धरून ठेवणारं असं फील्ड उरलेलं नाही.

एका मेथडला सहा-सात आर्ग्युमेंट लागू लागली तर घाबरू नका, ही मधली अवस्था आहे. त्यातली दोन-तीन आर्ग्युमेंट नेहमी एकत्र फिरत असतील, उदाहरणार्थ देयदिनांक आणि बिलदिनांक, तर तिथे ‘कालावधी’ नावाचा छोटा, न बदलणारा क्लास दडलेला आहे. तो आता बनवा.

पहिला क्लास बाहेर काढताना

व्याजापासून सुरुवात करायचं कारण साधं आहे: ते फक्त आकडे घेतं आणि आकडा देतं. ना डेटाबेस, ना छपाई.

‘व्याजनियम’ नावाचा रिकामा क्लास तयार करा. स्टॅटिक झालेली मेथड आयडीईच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने तिथे हलवा. इंटेलिजमध्ये त्यासाठी एफ-६ आहे. हाताने कापून चिकटवू नका, कारण आयडीई सगळे संदर्भही बदलतं. जुन्या नावाची मेथड ‘बिलमॅनेजर’मध्ये एका ओळीची ठेवा, ती फक्त नव्या क्लासला काम सोपवेल. टेस्ट, कमिट. त्यानंतर व्याजदर नव्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लास वापरात आणताना सुरुवातीला चालणारा भाग) न्या आणि मेथडचं ‘स्टॅटिक’ काढून टाका. पुन्हा टेस्ट, पुन्हा कमिट.

आता या छोट्या क्लासला थेट टेस्ट लिहिता येतात आणि जुन्या क्लासमध्ये लपलेले प्रश्न वर येतात. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनी थकबाकीवरच्या सरळव्याजाला वर्षाला कमाल २१ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्या आत दर ठरवणं सर्वसाधारण सभेवर सोपवलं. समजा थकबाकी १०,००० रुपये, दर २१ टक्के, कालावधी ९० दिवसांचा. दिवसांवर मोजलं तर व्याज ५१७ रुपये ८१ पैसे. तीन महिने धरून मोजलं तर ५२५ रुपये. तुमचा जुना कोड यांपैकी काय करत होता? तीन हजार ओळींत हे उत्तर शोधणं अवघड होतं. आता ते एका टेस्टमध्ये दिसतं आणि खजिनदारांना दाखवून विचारता येतं.

शुल्कांची रांग, आणि तिच्यातले अपवाद

बिलाच्या मध्यभागी अनेकदा एक लांब ‘इफ-एल्स’ असतो: सदनिका असेल तर हे, दुकान असेल तर ते, पार्किंग असेल तर आणखी काही. इथे ‘शुल्क’ नावाचा इंटरफेस (अनेक क्लासनी पाळायचा एकच साचा) चांगला बसतो. त्यात एकच मेथड: सदनिका आणि महिना द्या, रक्कम घ्या. सेवाशुल्क एक क्लास, पाणी एक, पार्किंग एक. सिंकिंग फंडाचाही (इमारतीसाठीच्या राखीव निधीचा) एक. तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के असतो, म्हणजे २० लाख खर्च धरला तर वर्षाला ५,००० रुपये. या सगळ्या शुल्कांची एक यादी करायची आणि बिल काढताना ती ओळीने चालवायची. एकेक फाटा उचलायचा, त्याचा क्लास करायचा, टेस्ट चालवायची. सगळे फाटे एकाच दिवशी काढायची गरज नाही. अर्धा ‘इफ-एल्स’ आणि अर्धी यादी अशा स्थितीतही कोड चालत राहतो.

पण सगळीच शुल्कं या यादीत बसत नाहीत, आणि ओढूनताणून बसवणं हीच इथली नेहमीची चूक. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क ३,००० असेल तर कमाल ३००. म्हणजे ते दुसऱ्या शुल्काच्या निकालावर अवलंबून आहे. त्याला बाकीच्यांसारखंच यादीत ठेवलं, तर पूर्वी ‘चालूएकूण’मध्ये लपलेला क्रम आता यादीच्या क्रमात लपेल. त्यापेक्षा दोन टप्पे उघड ठेवा: आधी मूळ शुल्कं, मग त्यांचा निकाल आर्ग्युमेंट म्हणून घेणारी अवलंबून शुल्कं. क्रम मेथडच्या सहीतच, म्हणजे ती काय घेते आणि काय देते यातच, दिसला पाहिजे.

जीएसटीला तर स्वतंत्र क्लास हवाच. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल आणि सदस्याचं मासिक योगदान ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८ टक्के कर लागतो. पण कशावर? २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकानुसार मर्यादा ओलांडली की पूर्ण रकमेवर. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवर. ९,००० रुपयांच्या बिलाला पहिल्या अर्थाने १,६२० रुपये कर होतो, दुसऱ्या अर्थाने २७०. कोणता अर्थ धरायचा हे सोसायटीने आपल्या सीएला विचारून ठरवावं. कोडची जबाबदारी एवढीच की हा निर्णय एकाच जागी असावा आणि सोसायटीनुसार बदलता यावा. हा हिशोब बिलात, पावतीत आणि अहवालात तीन ठिकाणी विखुरलेला असेल, तर प्रत्येक नव्या निकालाला तीन जागा शोधत बसावं लागतं आणि एक राहून जाते.

वारसा पद्धतीने, म्हणजे ‘मूळबिल’ आणि त्याखाली ‘दुकानबिल’, ‘भाडेकरूबिल’ असं फोडणं मी टाळतो. भाड्याने दिलेलं दुकान आलं की ते कोणाखाली ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि सामायिक फील्ड वरच्या क्लासमध्ये जसंच्या तसं शिल्लक असतं.

डेटाबेस, पीडीएफ, ईमेल

हे तिन्ही कडेला ढकला. हिशोब करणाऱ्या क्लासने डेटाबेसचं नावही घेऊ नये. त्याला लागणारा डेटा आधी वाचून द्या, निकाल घ्या आणि छपाईच्या क्लासला द्या. बाहेरच्या सेवा लागत असतील त्या कन्स्ट्रक्टरमधून येऊ द्या. एखाद्या नव्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला आठ-नऊ गोष्टी लागल्या, तर तो अजून फोडायचा राहिला आहे.

जुना क्लास बंद करताना

‘बिलमॅनेजर’ला बोलावणारा कोड बऱ्याच ठिकाणी पसरलेला असतो. म्हणून त्याच्या सार्वजनिक मेथड तशाच ठेवा, आत फक्त नव्या क्लासना काम सोपवा आणि त्या जुन्या मेथडवर ‘डेप्रिकेटेड’ची (यापुढे वापरू नका अशी) खूण करा. मग बोलावणारे एकेक करून थेट नव्या क्लासकडे वळवा. शेवटचा वळला की मेथड काढून टाका. हे सगळं मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या सामायिक मुख्य प्रतीत) छोट्या कमिटनी करा. तीन महिने वेगळी ब्रँच चालवली तर तेवढ्या काळात बाकीचे सहकारी जुन्या क्लासमध्ये भर घालत राहतात आणि मर्ज करणं, म्हणजे दोन्ही एकत्र करणं, जवळपास अशक्य होतं.

नव्या क्लासना ‘बिलहेल्पर’ किंवा ‘बिलयुटिल’ अशी नावं देऊ नका. जो क्लास काहीही पोटात घेऊ शकतो तो घेतोच. सोसायटीच्या कार्यालयात बोलतात त्या शब्दांत नाव सापडत नसेल, तर तक्त्याकडे परत जा. बहुधा दोन गट एकत्र उचलले गेले आहेत.

कुठे थांबायचं? वर्षभरात आलेल्या बदलांच्या मागण्या समोर ठेवा आणि प्रत्येकीसाठी किती क्लास उघडावे लागतील ते बघा. बहुतेक मागण्या एका क्लासमध्ये मावत असतील तर पुरे. जुन्या क्लासच्या सहाशे ओळी उरल्या आणि त्यांना कोणी हात लावत नसेल, तर त्या राहू द्या.

आता ती दुरुस्तीची यादी काढा. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये करा, आणि त्यामुळे नोंदवलेल्या बिलांत जो फरक पडेल तो खजिनदारांना दाखवून मगच नवी नोंद पक्की करा. ‘डबल’ ते ‘बिगडेसिमल’ हा बदल १ एप्रिलपासून लागू करा. पैशांचा फरक तेव्हा नव्या आर्थिक वर्षाच्या बिलांत पडेल आणि लेखापरीक्षण झालेल्या जुन्या खात्यांना हात लावावा लागणार नाही.